‘वरून आलंय’ आणि ‘खालून कळवलंच नाही’

पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतला एखादा प्रेस शॉप, म्हणजे प्रेसवर पत्रा कापून-वाकवून भाग काढणारा कारखाना, डोळ्यांसमोर आणा. दीडशे टनी प्रेसवर २ मिमी पत्र्याचे ब्रॅकेट पडतायत, मिनिटाला बारा. दुपारी चारच्या सुमारास ऑपरेटरच्या बोटाला बर लागतो. बर म्हणजे कापलेल्या कडेला उभी राहणारी पत्र्याची बारीक, धारदार किनार. पंच आणि डाय, म्हणजे पत्रा कापणाऱ्या साच्याचे दोन भाग, त्यांची धार बोथट व्हायला लागली की ती वाढते. पत्र्याच्या जाडीच्या दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे इथे ०.२ मिमीपर्यंत, ती चालवून घ्यायची असा साधारण ठोकताळा असतो. ऑपरेटरच्या बोटाला आज ती त्याहून जास्त वाटते.

तो सेटरला, म्हणजे प्रेसवर डाय चढवणाऱ्याला, सांगतो, “बर वाढलाय, डाय उतरवायला लागेल.” सेटर सुपरवायझरला सांगतो, “बर थोडा येतोय, बघून घ्यायला लागेल.” सुपरवायझर प्रॉडक्शन मॅनेजरला सांगतो, “डायचं काम काढायचंय एकदा, पण आजचा डिस्पॅच निघेल.” मॅनेजर मालकांना फोनवर सांगतो, “डिस्पॅच वेळेवर आहे, सर.”

चौघांपैकी खोटं कोणीच बोललेलं नाही. डायची धार गेली तशी वाक्याचीही गेली, एवढंच. सात वाजेपर्यंत २,१६० नग पडले. दुसऱ्या दिवशी चाकणला ग्राहकाच्या असेंब्लीत ब्रॅकेट बसेना. लॉट परत, सॉर्टिंगला चार माणसं, त्यांचा ओव्हरटाइम, टेम्पोचं भाडं, आणि रिपोर्टात कारणाच्या रकान्यात ते नेहमीचं वाक्य: ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा, समज दिली.’ डाय उतरवून, ग्राइंडिंग करून पुन्हा चढवायला दोन-तीन तास लागले असते.

मालक म्हणतात, “मला खालून कोणी कळवलंच नाही.” ऑपरेटर म्हणतो, “वरून आलं होतं, डिस्पॅच काढायचाच.” दोघंही खरं बोलतायत, आणि हा लेख त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेबद्दल आहे.

आदेश जसाच्या तसा उतरतो, बातमी विरघळत चढते

राजा बोले, दळ हाले. आदेश खाली येताना त्याच्यामागे पगार, बढती, सुट्टी मंजूर होणं-न होणं असं सगळं वजन असतं. तो मध्ये कुठे अडत नाही. उलट वाटेत जडच होतो: मालक ‘जमलं तर आज’ म्हणतात आणि मशीनपाशी पोचेपर्यंत त्याचं ‘आजच, काहीही करून’ झालेलं असतं.

बातमीचं उलटं. वाईट बातमी वर नेणाऱ्याला तिची किंमत स्वतःच्या खिशातून मोजावी लागते. लोक घाबरून गप्प बसतात असं आपण धरून चालतो, पण भीती हे एकच कारण नव्हे, बऱ्याचदा मोठं कारणही नव्हे. दुसरं कारण कंटाळा. मागच्या तीन वेळा सांगून काही झालं नाही, मग चौथ्यांदा कशाला तोंड वाजवा. तिसरं कारण कुठल्याच ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत, पण शॉप फ्लोअरवर सगळ्यांना पाठ असतं: जो सांगेल त्याच्याच गळ्यात काम पडतं. “बरं केलंस सांगितलंस, आता तूच बघ आणि संध्याकाळपर्यंत रिपोर्ट दे.” असं एकदा झालं की माणूस शिकतो. मग अळीमिळी गुपचिळी.

गप्प बसणं आकड्यांतही कसं लपतं ते एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेला १९९० च्या दशकात रुग्णालयांत दिसलं. औषधं देताना होणाऱ्या चुका त्या मोजत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील अशी अपेक्षा होती. निघाल्या जास्त. चुका जास्त होत नव्हत्या, त्या टीममध्ये त्या उघडपणे नोंदवल्या जात होत्या. बाकीच्या टीममध्ये झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हणून ‘आमच्याकडे तक्रारी शून्य’ असं कोणी छाती फुगवून सांगितलं तर अभिनंदनाची घाई करू नये.

मग हुकूम चालवायचाच नाही का?

चालवायचा. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. खुला संवाद म्हणजे प्रत्येक गोष्टीवर हात वर करून मतदान, अशी एक समजूत आहे. ती धरून बसलेल्या कंपनीत महिनाभर मीटिंगा होतात आणि शेवटी वैतागून कोणीतरी पुन्हा दंडुका हातात घेतो.

क्रेनने डाय उचलतानाचा नियम बघा. क्रेन ऑपरेटरला इशारे देणारा माणूस एकच असतो. दोघांनी हात हलवले तर लटकलेला माल कोणाच्या तरी डोक्यावर येईल. पण ‘थांब’चा इशारा कोणीही देऊ शकतो, अगदी झाडू मारणारा माणूससुद्धा, आणि तो दिसला की क्रेन थांबलीच पाहिजे. हलवायचा अधिकार एकाचा, थांबवायचा सगळ्यांचा. वरचं नियंत्रण आणि खालचा आवाज एकाच कामात भांडण न करता बसतात ते असे.

ढोल-ताशा पथकाचंही तसंच. लक्ष्मी रस्त्यावर मिरवणुकीत चाळीस-पन्नास ढोल एका क्षणी थांबायचे तर इशारा एकाचाच लागतो, तिथे चर्चा नाही. पण नदीपात्रातल्या सरावात ‘माझ्या ढोलाचं पान उतरलंय’ (वाजवायची बाजू सैल पडलीय) हे पहिल्या वर्षाच्या पोराला बोलता आलं नाही, तर मिरवणुकीत तो ढोल बद्द वाजणारच.

वरून सगळं ठरवण्याची पद्धत कोणाच्या दुष्टपणातून आलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनियरने स्टॉपवॉच घेऊन काम मोजायला सुरुवात केली. विचार करणारे वेगळे आणि हात चालवणारे वेगळे, अशी त्याची मांडणी होती. काम सुटसुटीत, पुनःपुन्हा तेच, आणि माल दरवेळी सारखा असेल तर ती चालतेही. अडचण येते ती पत्र्याचा लॉट बदलला, डाय झिजली, ग्राहकाने ड्रॉइंग बदललं की. बदल सगळ्यांत आधी हाताला कळतो, आणि आपण हाताला बोलायला मनाई करून ठेवलेली असते. ड्रॉइंग, टॉलरन्स (मापात चालणारा फरक), सुरक्षेचे नियम, पैसे कोण मंजूर करणार, ही बंधनं घट्टच हवीत. बातमीची वाट मोकळी हवी.

विमानवाल्यांनी हे जीव गमावून शिकलं

२७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. त्यातलं एक केएलएम या डच कंपनीचं. त्याचे कॅप्टन त्या कंपनीतले अतिशय ज्येष्ठ वैमानिक आणि प्रशिक्षक होते. त्यांनी उड्डाणासाठी विमान पळवायला सुरुवात केली तेव्हा कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनियरने विचारलं होतं की ते दुसरं विमान अजून धावपट्टीवरून हटलं नाही का. कॅप्टननी ठामपणे, हटलंय म्हणून सांगितलं, आणि तो गप्प झाला. शंका बरोबर होती, पण ती प्रश्न म्हणून आली आणि मोठ्या माणसाच्या एका शब्दाने विझली.

आपल्याकडे २२ मे २०१० ला मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसचं दुबईहून आलेलं विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं. १५८ जणांचा मृत्यू झाला, आठ वाचले. सहवैमानिकाने तीन वेळा सांगितलं होतं की उतरू नका, पुन्हा वर घ्या. कॅप्टन उतरतच राहिले, असं चौकशीत नोंदलं गेलं. इथे सहवैमानिक गप्प नव्हता, हे लक्षात घ्या. बोलणारा बोलला, पण ऐकणाऱ्याला थांबवेल अशी व्यवस्था कामी आली नाही. ‘आमच्याकडे सगळे मोकळेपणाने बोलतात’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी मंगळूर आठवावं.

टेनेरिफनंतर विमान कंपन्यांनी कॉकपिटमधल्या बोलण्याचंच प्रशिक्षण सुरू केलं. त्यातली एक गोष्ट आपल्याला तशीच उचलता येते: आवाज पायरीपायरीने चढवायचा. प्रेस शॉपच्या भाषेत ती अशी बसते.

पहिली पायरी, दाखवायचं: “साहेब, हा बर जास्त वाटतोय, जरा मोजून बघता का?”
दुसरी, परिणाम सांगायचा: “साहेब, हा माल असाच गेला तर चाकणला बसणार नाही.”
तिसरी, पर्याय ठेवायचा: “पंधरा मिनिटं प्रेस थांबवून क्वालिटीला बोलावूया.”
चौथी: “साहेब, मी प्रेस थांबवतोय. तुम्ही बघून सांगा, मग चालू करतो.”

या पायऱ्या ऑपरेटरला शिकवल्या आणि साहेबांना नाही शिकवल्या, तर चौथ्या पायरीला तो माणूस उद्धट ठरतो. दोघांना एकाच खोलीत बसवून शिकवाव्या लागतात, आणि चौथ्या पायरीवर थांबवलेल्या प्रेसबद्दल कोणाला बोलणी बसणार नाहीत हे मालकांनी स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं. एचआरच्या मेलने नाही.

दोरी आहे, पण ओढल्यावर येतं कोण?

टोयोटाच्या कारखान्यांतली अँडनची दोरी पुण्यातल्या बहुतेक वाहन-पुरवठादारांना ऐकून माहीत असते. गैरसमज एवढाच की दोरी ओढली की लाइन बंद. प्रत्यक्षात दोरी ओढली की दिवा लागतो, धून वाजते आणि टीम लीडर त्या जागी येतो. लाइन तोवर चालूच असते. गाडी त्या स्टेशनच्या ठरलेल्या खुणेपर्यंत पोचायच्या आत प्रश्न सुटला तर दोरी पुन्हा ओढून दिवा बंद करतात. नाही सुटला तरच लाइन थांबते.

आपल्याकडे लाल-पिवळे-हिरवे दिवे बसवतात, फोटो काढून ऑडिटला दाखवतात, आणि दिवा लागल्यावर कोणी कुठून किती मिनिटांत यायचं हे ठरवतच नाहीत. दहा मिनिटं दिवा लुकलुकत राहतो. ऑपरेटर तो स्वतःच बंद करतो आणि मशीन चालू करतो. याहून वाईट म्हणजे संध्याकाळी ‘आज तू चारदा दिवा का लावलास’ असा जाब. त्यानंतर महिनाभरात दिवे लागायचे बंद होतात आणि मॅनेजमेंटला वाटतं, प्रोसेस सुधारली.

म्हणून दिव्याच्या आधी माणूस ठरवा. नाव, शिफ्ट, आणि दोन-तीन मिनिटांत पोचायची जबाबदारी. एका माणसाकडे पाच-सात ऑपरेटरपेक्षा जास्त असतील तर तो पोचणार नाही, हा साधा हिशोब आहे.

पहिले दहा सेकंद

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत अवघड गोष्ट ही. वाईट बातमी आल्यावर साहेबांच्या तोंडून पहिला शब्द कोणता बाहेर पडतो, त्यावर पुढच्या सहा महिन्यांच्या बातम्या ठरतात. ‘कोणी केलं?’ हा पहिला प्रश्न असेल तर पुढच्या वेळी बातमी येणार ती वकील करूनच. ‘कधीपासून? किती माल झाला? तो आत्ता कुठे आहे?’ असं विचारलं तर समोरचा मोजायला लागतो. कोणी केलं हे नंतर कळतंच, ते कुठे पळून जात नाही.

आणि सांगणाऱ्याच्या गळ्यात काम घालायचं नाही. बातमी देणं हे त्याचं काम झालं. पुढचं काम कोणाला, हे वेगळं ठरवायचं.

शिफ्टच्या सुरुवातीची दहा मिनिटांची उभ्याने मीटिंग बऱ्याच ठिकाणी होते. तिचं वाटोळं ठराविक पद्धतीनेच होतं: सुपरवायझर आठ मिनिटं टार्गेट सांगतो, मग विचारतो, “काही अडचण?” आणि सगळे म्हणतात, “नाही साहेब.” या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही. त्याऐवजी असं विचारा ज्याला हो-नाही चालणार नाही: “काल कुठल्या मशीनवर सगळ्यांत जास्त वेळ गेला?” “आज कुठला जॉब अडेल असं वाटतं?” सुरुवात वयाने मोठ्या काकांपासून नको. त्यांनी मत दिलं की बाकीचे त्यांचीच री ओढतात. नवीन पोरापासून सुरू करा, सुपरवायझरने सगळ्यांत शेवटी बोलायचं. लोक दहा-बाराच्या वर असतील तर दोन गट करा. मीटिंग कॅन्टीनमध्ये नको, मशीनजवळच्या बोर्डापाशी घ्या. म्हणजे ‘हे बघा’ म्हणून बोट दाखवता येतं.

बोर्डावर तीनच रकाने: काय अडलंय, कोण बघणार, कधीपर्यंत. आणि एक नियम: लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीला दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगपर्यंत उत्तर. ‘होणार नाही, कारण नवीन व्हाइसला (जॉब पकडायच्या शिकंज्याला) या तिमाहीत पैसे नाहीत’ हेही उत्तर आहे. लोक नकार पचवतात. न आलेलं उत्तर पचवत नाहीत.

हिंजवडीतलं कलिंगड

हिंजवडीच्या आयटीत हुकूमशाही दिसत नाही. सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, साहेबांची केबिनही नसते. पण प्रोजेक्टचा स्टेटस बाहेरून हिरवा आणि आतून लाल असतो. त्याला तिथे कलिंगडच म्हणतात. डेव्हलपरला तीन आठवड्यांपूर्वीच माहीत असतं की तारीख गाठता येणार नाही. टीम लीड स्टेटस पिवळा करतो, मॅनेजर हिरवा करून क्लायंटला पाठवतो. भोसरीचा बर आणि हिंजवडीचं कलिंगड यांत फरक फक्त एअर कंडिशनरचा.

इथे दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक, काम किती दिवसांचं हे विचारताना आधी आपला आकडा सांगायचा नाही. ‘दोन आठवड्यांत होईल ना?’ म्हटल्यावर पाच आठवडे म्हणायची छाती कोणाची होत नाही. प्रत्येकाने कागदावर लिहायचं आणि एकदम उघडायचं. एकाचा तीन दिवस आणि दुसऱ्याचा बारा निघाला तर त्या फरकातच खरी माहिती असते. त्या दोघांना बोलू द्या.

दुसरी गोष्ट ‘हो’बद्दल. आपल्या ‘हो’चे तीन अर्थ आहेत: ऐकलं, समजलं आणि जमेल. परदेशी क्लायंट तिसरा अर्थ धरतो, आपण पहिला म्हणत असतो. वैमानिक मिळालेली सूचना परत म्हणून दाखवतात, तसं काहीतरी हवं. पण मोठ्या माणसाला ‘काय समजलात ते सांगा’ म्हणणं उद्धटपणाचं होतं. त्यापेक्षा “मी नीट सांगितलं की नाही बघू, तुम्ही सुरुवात कुठून करणार?” हे चालतं.

न चालणाऱ्या गोष्टी, थोडक्यात

सूचनापेटी: कुलपाची किल्ली कोणाकडे आहे हेच कोणाला आठवत नाही. महिन्याला दोन कायझेन (छोट्या सुधारणा) सक्तीचे: मग ‘झाडू जागेवर ठेवला, वेळ वाचला’ अशी कायझेनं येतात. सात जणांच्या टीममध्ये निनावी सर्व्हे: कोणी काय लिहिलं ते वाक्यावरून कळतं, आणि ‘हे कोणी लिहिलंय मला माहितीये’ असं साहेब हसत म्हणाले की तो सर्व्हे कायमचा संपला. व्हॉट्सॲप ग्रुप: रात्री अकराला वरून आदेश, खालून अंगठे. ‘माझ्या केबिनचं दार सगळ्यांना उघडं आहे’: दार उघडं असेल, पण तिथवर जाताना सुपरवायझरच्या टेबलासमोरून जावं लागतं.

या सुपरवायझरबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण सगळ्या योजना त्याच्यापाशी मोडतात. वरून टार्गेट, खालून गाऱ्हाणी, आणि दोन्हीकडून बोलणी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मालकांनी त्याला वगळून थेट ऑपरेटरशी बोलायला सुरुवात केली की त्याला ती हेरगिरी वाटते, आणि तो खालची तोंडं आणखी घट्ट बंद करतो. मालकांनी जरूर खाली उतरावं, पण आधी त्याला सांगून, आणि जे ऐकलं ते त्याच्यावर शस्त्र म्हणून न वापरता. त्याचं मूल्यमापन फक्त नगांवर होत असेल तर तो बातमी दाबणारच. त्याच्या शिफ्टमधून किती अडचणी वेळेत वर आल्या, हाही त्याच्या बाजूने धरायचा आकडा हवा.

काही गोष्टी मालकांच्या मर्जीवर सोडलेल्या नाहीत, हेही माहीत असावं. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती कायद्यानेच हवी. त्यात मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान, एकूण सदस्य जास्तीत जास्त दहा. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. या तक्रारी बोर्डावरच्या रकान्यात किंवा उभ्याच्या मीटिंगमध्ये मागायच्या नसतात. त्यांची वाट वेगळी आणि गोपनीयच हवी.

चाललंय की नाही, कसं ओळखायचं

एक वही पुरे. प्रत्येक बिघाडासमोर तीन वेळा लिहायच्या: पहिल्यांदा कोणाच्या तरी लक्षात आलं ती वेळ, निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाला कळलं ती वेळ, आणि निर्णय झाला ती वेळ. ऑपरेटरचं नाव लिहू नका. आपल्या ब्रॅकेटच्या बाबतीत पहिली वेळ दुपारचे चार, दुसरी थेट दुसऱ्या दिवशी सकाळची. हे अंतर पंधरा मिनिटांवर आलं तर १८० नगांत भागतं.

पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत नोंदी भसाभस वाढतील आणि रिजेक्शनचा आकडाही चढलेला दिसेल. तो माल आधीही खराबच होता, फक्त तो आता चाकणऐवजी भोसरीत सापडतोय. ग्राहकाकडून परत येणारे नग आणि आत सापडलेले नग वेगवेगळ्या ओळींत लिहा, नाहीतर मासिक मीटिंगमध्ये एकच वाढलेला आकडा बघून कोणीतरी सुपरवायझरला फैलावर घेईल, आणि वही दुसऱ्या दिवसापासून कोरी राहील.